मूळ प्रतीवर लिहू नये

पत्राला उत्तर न येणे मी समजू शकतो. माझी सारी नोकरी जालन्याला न्यायालयाच्या कचेरीत गेली आणि निवृत्तीनंतरचा काळ निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे लिहिण्यात जात आहे. त्यामुळे मौनाचे सर्व प्रकार मला परिचित आहेत. स्मरणपत्राआधीचे मौन, स्मरणपत्रानंतरचे मौन, आणि 'आपले पत्र संबंधित शाखेकडे वर्ग केले आहे' असे कळवून मग धारण केलेले मौन. परंतु त्या मंगळवारी मला उत्तर आले, तेही आठवड्याच्या आत, आणि ते वाचून चहाचा कप बशीत नीट ठेवण्याचेही भान मला राहिले नाही.

"आपला अर्ज मिळाला," असे उत्तरात म्हटले होते. "आमच्या वसतिगृहात 'आचार्य' हे पद कधीही अस्तित्वात नव्हते व सध्याही नाही. सबब 'आचार्यांना सेवेतून कमी करू नये' या आपल्या विनंतीवर कार्यवाही करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

मी अर्ज लिहिला होता तो आचाऱ्यासाठी. आचार्य या शब्दाशी माझा, वसतिगृहाचा किंवा त्या माणसाचा सुतराम संबंध नव्हता.

आमच्या कॉलनीच्या मागच्या अंगाला मुलांचे एक खाजगी वसतिगृह आहे. तिथला आचारी मूळचा शहागडचा. तरुणपणी तो हायवेवरच्या एका ढाब्यावर ट्रकवाल्यांसाठी रोट्या थापत असे. पुढे या वसतिगृहात आला आणि इथेच म्हातारा झाला. स्वयंपाकघराला लागून असलेली एक खोली हेच त्याचे घर. वसतिगृहाच्या संस्थेने अलीकडे नवी नियमावली छापली. तीत साठ वर्षांवरील कोणासही सेवेत ठेवू नये असा जुनाच अकरावा नियम होता, आणि त्याच्या आधारे आचाऱ्याला कमी करून मुलांचे डबे बाहेरून मागवण्याचा विषय येत्या रविवारच्या सभेपुढे होता. आचारी माझ्याकडे आला तेव्हा ओसरीवर बसायलाही तयार नव्हता.

"साहेब, मला दुसरं काई नको," तो म्हणाला. "पण पहाटं उठून कणीक मळायची न्हाई, तं मंग उठायचं कशासाठी?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. म्हणून मी अर्ज लिहिला, आणि चांगला लिहिला. निदान तसा माझा समज होता.

आता ही माझी सून. ती घरूनच नोकरी करते. कोणत्याशा कंपनीचे दूरदेशीचे संगणक ती आमच्या मधल्या खोलीत बसून सांभाळते. ते संगणक नेमके कुठे आहेत हे तिलाही ठाऊक नाही. ज्या वस्तूचा ठावठिकाणा ठाऊक नाही तिचा ताबा घेणे मला आजही बेकायदेशीर वाटते. तिचे माहेर केदारखेड्याचे, त्यामुळे बोलणे आडपडद्याचे नसते. वसतिगृहाचे उत्तर तिने वाचले, मग माझ्या अर्जाची स्थळप्रत मागितली, आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचू लागली.

"'आचार्यांना पहाटे चार वाजता कणीक मळावी लागते.' मामा, हे तुमीच लिहिलं ना? 'आचार्यांच्या हातच्या वरणाची चव सर्वविदित आहे.'" तिने पदर तोंडाला लावला. "कोणत्या पीठाचे आचार्य म्हणायचे हे? गव्हाच्या का ज्वारीच्या?"

मी कागद हिसकावून घेतला. चष्मा पुसून पाहिले. 'अधिकार्यांनी', 'कर्मचार्यांचे', 'दुसर्या'. आचाऱ्यातला तो आडवा, मिशीच्या आकड्यासारखा दिसणारा र संपूर्ण अर्जात कुठेही नव्हता; त्याच्या जागी प्रत्येक ठिकाणी डोक्यावर रफार बसला होता. ज्या गृहस्थाने कनिष्ठ लिपिकांच्या मसुद्यांतील एकेक वेलांटी लाल शाईने घेरली, त्याच्या स्वाक्षरीने हा कागद गेला होता. शाई फिकी होती आणि माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे मी सुनेला सांगितले; पण ते बचावाचे म्हणणे होते, पुरावा नव्हे.

हे कसे घडले, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

टंकलेखन यंत्राची फीत मिळेनाशी झाली तेव्हा मुलाने मला संगणक घेऊन दिला. त्यात जी प्रणाली होती तिचा करारनामा पडद्यावर उमटला आणि खाली 'मान्य आहे' असे बटण आले. मी तो करारनामा संपूर्ण वाचला. तो वाचायला मला दोन दिवस लागले, आणि वाचून झाल्यावर मी मान्य नसल्याचे बटण दाबले. मुलगा म्हणाला, असे जगात कोणी करत नाही. मी म्हणालो, म्हणूनच जगाची ही अवस्था आहे. तेव्हा सुनेने त्या यंत्रावर लिनक्स ही प्रणाली चढवून दिली. तिचाही परवाना मी वाचला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, ही वस्तू तुम्ही हवी तशी वापरा, बदला, वाटा. मात्र आम्ही कसलीही हमी देत नाही. इतका प्रामाणिक दस्तऐवज माझ्या हाताखालून क्वचितच गेला असेल.

आडवा र लिहायला या यंत्रावर कळांचा एक लांबलचक क्रम दाबावा लागत असे. माझ्या पत्रांत अधिकाऱ्यांचा उल्लेख ओळीओळीला येतो, आणि दर वेळी अधिकाऱ्यांपाशी येऊन बोट अडखळावे हे मला प्रतीकात्मक वाटले तरी गैरसोयीचे होते. सुनेने मला घरच्या यंत्रापुरते मुखत्यारपत्र दिले होते. म्हणजे परवलीचा शब्द सांगून मी यंत्राच्या मालकाप्रमाणे वागू शकत होतो. त्या अधिकारात मी कळफलकाच्या नियमांची फाईल शोधून काढली. ती साध्या मजकुराची होती: अमुक कळ दाबल्यास अमुक अक्षर. एका ओळीत मी दुरुस्ती केली आणि अवघ्या दोन कळांवर आडवा र आणून बसवला. ज्या ओळीच्या आरंभी अर्धविराम असतो ती ओळ यंत्र वाचत नाही, असे मला आढळले होते. म्हणून खालच्या ओळीच्या आरंभी अर्धविराम देऊन 'दुरुस्ती केली' असे लिहून तारीख आणि आद्याक्षरेही टाकली. कोणतीही खाडाखोड आद्याक्षरांविना वैध नसते.

वर्षभर सारे सुरळीत चालले. मग, आचाऱ्याचा अर्ज लिहिण्याच्या आदल्याच दिवशी, यंत्राने सर्व सामग्री अद्ययावत करण्याची परवानगी मागितली. मी दिली. मध्येच ते थांबले आणि मला विचारू लागले: छपाईच्या व्यवस्थेच्या फाईलीत आपण बदल केलेला दिसतो; वितरकाने नवी प्रत पाठवली आहे; नवी ठेवू की आपली? आधी फरक पाहायचा आहे काय? मी प्रथम फरक पाहिला आणि मग 'आपली' असे कळवले. मला गहिवरून आले होते. म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोणाच्या विरुद्ध निर्णय होऊ नये, हे तत्त्व मी आयुष्यभर फलकावर वाचले. अमलात आणताना एका यंत्राला पाहिले.

मात्र त्याच यंत्राने त्याच दिवशी, मला एका शब्दाने न विचारता, कळफलकाची फाईल बदलून टाकली होती. माझी दुरुस्ती गेली, तारीख गेली, आद्याक्षरे गेली. बोटे त्याच कळांवर पडत राहिली आणि आडव्या र ऐवजी साधा अर्धा र उमटत राहिला, जो य च्या शेजारी येताच त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

हा प्रकार उमगल्यावर मी काय केले असेल, ते मला ओळखणारे जाणतात. त्या फाईलीच्या माथ्यावर ती सांभाळणाऱ्या गृहस्थांचे नाव आणि पत्ता होता. मी त्यांच्या नावे चार पानांची नोटीस तयार केली: एकतर्फी कार्यवाही, पूर्वसूचनेचा अभाव, मराठी भाषेची हानी, एका आचाऱ्याच्या उपजीविकेस पोहोचलेला धोका. ती इंग्रजीत करून देण्यासाठी सुनेकडे दिली. तिने शांतपणे वाचली.

"मामा, यात सात मुद्दे हायेत."

"होय."

"सहा चुकीचे हायेत."

"आणि सातवा?"

"तारीख. ती बिलकुल बराबर हाय."

मी खुर्ची ओढून बसलो. तिने आपले काम बाजूला ठेवले आणि मला समजावू लागली. यंत्रात 'यूएसआर' नावाचा एक कप्पा आहे. तो वितरकाचा, म्हणजे प्रणाली तयार करून पाठवणाऱ्याचा. तिथले सर्व काही त्याच्या मालकीचे. तो केव्हाही जुने उचलून नवे ठेवील आणि कोणाला विचारणार नाही. दुसरा कप्पा 'ईटीसी' नावाचा. तो यंत्र सांभाळणाऱ्याचा. तिथल्या फाईलीत आपण फरक केला असेल, तर वितरक परवानगीविना तिला हात लावत नाही. आणि तिसरा ज्याचा त्याचा, आपापल्या नावाचा. यंत्र एखादा नियम शोधते तेव्हा आधी या तिसऱ्या कप्प्यात पाहते. तिथे मिळाला तर तोच खरा. नाही मिळाला, तर दुसऱ्या, आणि शेवटी वितरकाच्या.

"तुमी तुमचा र कुठं लिहिला? वितरकाच्या घरात जाऊन, त्याच्या भिंतीवर," ती म्हणाली. "त्यानं भिंत रंगवली. आता त्याला नोटीस देऊन राह्यले."

मी हरकत घेतली. वरचा कायदा आणि खालचा नियम यांच्यात विरोध आला तर वरचा टिकतो, ही व्यवस्था सर्वज्ञात आहे. इथे तर सगळ्यात खालचा सगळ्यात वरच्याला हरवतो! म्हणजे ग्रामपंचायतीने ठराव करायचा आणि संसदेचा कायदा निष्प्रभ व्हायचा.

"तुमच्या घरापुरता," ती म्हणाली. "शेजाऱ्याच्या घरात न्हाई. वितरकाला काय ठाऊक तुमाला किती अधिकाऱ्यांना पत्रं लिहायची असतात?"

यावर मी विचार केला, आणि मला जे सुचले त्याने माझे समाधान झाले. आपल्याही कायद्यात काही तरतुदींच्या आरंभी 'तद्विरुद्ध करार नसेल तर' असे शब्द असतात. पक्षांनी आपसात वेगळे काही ठरवले नसेल, तरच ती तरतूद लागू होते. वितरकाची प्रत ही अशा तरतुदींची संहिता होती. मला वेगळा करार करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून होता. मी तो न करता संहितेच्या छापील पानावर खाडाखोड केली होती.

"कोर्टातबी असंच करत होता का?" सुनेने विचारले. "पुस्तकात खोडून?"

करत नव्हतो. हेच तर दुःख होते. नियमपुस्तिकेत बदल झाला की शुद्धिपत्रकाची चिठ्ठी येई. ती खळीने त्या त्या पानाच्या कडेला चिकटवणे हे माझ्या नोकरीचे पहिले काम. छापील ओळीवर पेन टेकवलेला दिसला असता, तर माझ्या वरिष्ठांनी मला दिवसभर उभे केले असते. हे मी सुनेला सांगितले नसते तर बरे झाले असते. पण मी खोटे बोलत नाही.

"मंग चिठ्ठीच लावायची की इथं!" ती म्हणाली, आणि माझ्या नावाच्या कप्प्यात तिने त्याच नावाची फाईल तयार करून दिली. आडवा र परत आला. नोटीस मी 'न पाठवलेली पत्रे' या फाईलीत ठेवली. ती फाईल जाड आहे.

बुधवार मी सत्कारणी लावला. आचाऱ्याचा अर्ज पुन्हा लिहिला, प्रत्येक शब्द भिंग लावून तपासला, आणि स्वतः नेऊन दिला. सुनेच्या व्यवस्थेतील आणखी एक खुबी मला कळली होती; उत्तराची वाट पाहताना तिचा प्रयोग केला. आमच्या यंत्रात दहा मिनिटे कळ दाबली नाही तर ते झोपी जावे, असा नियम सुनेने घालून ठेवला होता. मी एखादे वाक्य जुळवत असतो तेव्हा दहा मिनिटे ही काहीच नव्हेत. शब्द सापडावा आणि पडदा काळा व्हावा, असे अनेकदा झाले होते. या नियमांसाठी ईटीसीत एक पोटकप्पा असतो, आणि त्यात कितीही चिठ्ठ्या ठेवता येतात. त्यांच्या नावांना क्रमांक द्यायचे. यंत्र त्या क्रमाने वाचते आणि शेवटी वाचलेली चिठ्ठी आधीच्यांवर मात करते. सुनेच्या चिठ्ठीचा क्रमांक नव्व्याण्णव होता. दोन आकड्यांत नव्व्याण्णवच्या पुढे काही नाही, याची खातरजमा करूनच तिने तो घेतला असणार.

यंत्राने झोपूच नये अशी चिठ्ठी मी लिहिली आणि तिला दहा क्रमांक दिला. पण सवयीप्रमाणे मराठीत: १०. दहा आधी वाचले जाईल, नव्व्याण्णव नंतर, म्हणजे आपण हरणार हे लक्षात आले, तेव्हा चिठ्ठी ठेवून झाली होती आणि यंत्र बंद करून पुन्हा चालूही केले होते. चूक दुरुस्त करायला बसलो, तोच फोन आला. अर्ध्या तासाने परत येतो तो पडदा लख्ख उजळलेला.

सुनेने दोन वेळा तपासून पाहिले. "हे कसं झालं?" ती पुटपुटली. मग तिने कपाळावर हात मारला. यंत्राच्या मुळाक्षरांच्या यादीत इंग्रजी आकडे आणि इंग्रजी अक्षरे आधी येतात, आणि देवनागरी त्या सर्वांच्या नंतर. मराठी दहा हे इंग्रजी नव्व्याण्णवच्या पुढे वाचले गेले होते.

"म्हणजे मराठी एकसुद्धा?" मी विचारले.

"मराठी शून्यसुद्धा," ती हताशपणे म्हणाली.

मी सौभाग्यवतीला बोलावून ही वार्ता दिली. तिने निवडत असलेल्या मेथीवरून मान वर केली नाही. "या घरात शेवटचा शब्द तुमचाच असतो, त्याला यंत्र कशाला लागतंय?" एवढेच म्हणाली. तिचा सूर मला पूर्णतः अनुकूल वाटला नाही.

गुरुवारी वसतिगृहाचे दुसरे उत्तर आले. या वेळी संस्थेचे सचिव स्वतः ते घेऊन आले. सभ्य, तरुणच म्हणावे असे गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, पहिल्या उत्तराबद्दल दिलगिरी दर्शवली, आणि हसू दाबण्याचा जो प्रयत्न केला त्याची मी नोंद घेतली. पण मुख्य मुद्द्यावर ते ठाम होते. "काका, माझी वैयक्तिक हरकत काहीच नाही. पण अकरावा नियम स्पष्ट आहे आणि त्याला अपवाद नाही. नियम सोडून सभा वागली तर तुम्हीच पहिले पत्र लिहाल." हे खरे होते, आणि म्हणून अधिकच संतापजनक होते.

ते गेल्यावर मी आचाऱ्याला बोलावून घेतले. अपवाद कधीच नव्हता काय, असे विचारले.

"व्हता ना साहेब," तो म्हणाला. "जुने सचिव व्हते, त्यानी माझ्यासमोर लिवलं व्हतं. छापील पुस्तकात, कडंला, हिरव्या शाईनं. मला वाचून दाखवलं. म्हणाले, जवर हातात बळ हाय तवर तुला कोणी हलवत न्हाई."

"ते पुस्तक कुठे आहे?"

"नवं छापून आलं तवा जुनी सगळी रद्दीत गेली."

मी डोळे मिटले. कोणा सज्जनाने चांगल्या हेतूने छापील पानाच्या कडेला लिहिले, नवी आवृत्ती आली, आणि लिहिलेले गेले. कोणाला विचारले नाही आणि कोणाचे म्हणणे ऐकले नाही. मी रागावलो, पण कोणावर रागवायचे ते ठरेना. त्या सचिवांनी केले ते मी वर्षभरापूर्वी माझ्या यंत्रात केलेच होते, आद्याक्षरांसकट.

मधल्या खोलीच्या दारातून सून ऐकत होती. "मामा, एक विचारू?" ती म्हणाली. "ते त्यांनी नुसतं पुस्तकातच लिहिलं व्हतं, का आधी कुठं वेगळ्या कागदावर ठरलं व्हतं? म्हणजे पुस्तकातली ती ओळ मूळ व्हती, का कशाची नक्कल?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. एकटा सचिव नियमाला अपवाद करू शकत नाही. तो सभेने करायचा असतो. सभेत ठराव झाला असेल तर तो इतिवृत्ताच्या नोंदवहीत असणार, आणि नोंदवही म्हणजे नियमावली नव्हे. नियमावली कितीही वेळा छापा. ठराव आपल्या जागी राहतो. कडेची हिरवी ओळ ही कदाचित केवळ चिठ्ठीची आठवण असेल, आणि चिठ्ठी दुसरीकडे असेल.

"जुन्या सभांच्या नोंदवह्या?" मी आचाऱ्याला विचारले.

"लाल कापडातल्या का? मोठ्या?" तो म्हणाला. "हापिसाला रंग दिला तवा माझ्या कोठीच्या खोलीत आणून ठेवल्या. परत नेल्याच न्हाईत. तांदळाच्या कोठीमागं हायेत."

"तू त्या कधी उघडल्यास?"

"न्हाई साहेब. संस्थेचा कागद हाय. मी फकस्त उंदीर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालत व्हतो."

कोणत्याही अभिलेख कक्षात मी याहून चांगला कर्मचारी पाहिलेला नाही. मी त्याला नोंदवह्यांना हात लावू नको असे बजावले, आणि सचिवांना पत्र लिहिले: सभेच्या आधी, आपल्या समक्ष, त्या नोंदवह्या पाहण्याची परवानगी मिळावी. पत्र तीन ओळींचे होते. सुनेने ते वाचून माझी प्रकृती बरी आहे ना, असे विचारले.

शनिवारी सकाळी सचिव, मी आणि आचारी असे तिघे कोठीच्या खोलीत उभे होतो. तांदळाची कोठी सरकवली. कडुलिंबाचा वाळका पाला झटकला. पहिल्या वहीत काही नव्हते. दुसरीत वीज आणि पाण्याची टाकी. सचिव घड्याळ पाहू लागले. तिसऱ्या वहीच्या मध्याशी मला तो परिच्छेद सापडला, पाच सभासदांच्या सह्यांसह: "नियम अकरामध्ये काहीही अंतर्भूत असले तरी, वसतिगृहाच्या आचाऱ्यास, त्याची प्रकृती साथ देईल तोपर्यंत, सेवेत व निवासात ठेवण्यात यावे. सर्वानुमते मंजूर."

'काहीही अंतर्भूत असले तरी.' आमच्या पेशातील या चार शब्दांना मी हजारो वेळा पाहिले, नकलून काढले, कंटाळलो. एवढे जीवदान देणारे ते मला कधी वाटले नव्हते. मी ते मोठ्याने वाचले. सचिवांनी वही माझ्या हातातून घेतली, पुन्हा वाचली, सह्या पाहिल्या.

"हा ठराव नंतरच्या कोणत्याही सभेने रद्द केलेला आहे काय?" मी विचारले.

उरलेल्या दोन वह्या त्यांनी तिथेच पोत्यावर बसून चाळल्या. रद्द केलेला नव्हता.

रविवारच्या सभेला मला आमंत्रण नव्हते, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभराने सचिव बाहेर आले तेव्हा हसत होते. डब्यांचा विषय सभेने मागे घेतला होता. ठराव कायम आहे, अकरावा नियम आचाऱ्याला लागू नाही, असे एकमताने ठरले. त्यांच्या हातात नव्या नियमावलीची कोरी प्रत होती आणि खिशातून पेन निघत होते.

"काका, आता हा घोळ पुन्हा नको. तुमच्यासमोरच अकराव्या नियमाच्या कडेला लिहून टाकतो," ते प्रेमाने म्हणाले.

मी इतक्या जोराने 'थांबा' म्हणालो की आतले सभासद दाराशी आले.

मग मी त्या सर्वांना, उभ्यानेच, छापील प्रत कोणाची असते, चिठ्ठी कुठे ठेवायची असते आणि तिला क्रमांक कसा द्यावा हे समजावून सांगितले. मराठी आकड्यांचा मुद्दाही मांडला. तो त्यांना कितपत कळला सांगता येत नाही. अखेर ठरावाची प्रमाणित नक्कल वेगळ्या कागदावर काढली, सह्या झाल्या, एक प्रत कार्यालयाच्या फाईलीत गेली आणि दुसरी आचाऱ्याला द्यायला मी घेऊन निघालो.

तो स्वयंपाकघरात परातीसमोर बसला होता, कोपरापर्यंत हात कणकेत. मी कागद पुढे केला आणि काय झाले ते सांगितले. त्याने हात पुसले नाहीत. नुसती मान वळवून भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवले, जिथे विजेचे बिल लटकत होते.

"तिथं अडकवा साहेब," तो म्हणाला. "अन् बसा. आज रविवार हाय, पोरं येळेच्या आधीच ताट वाजवतात."